थंडीत टेलिस्कोप आणि दव : सांगली भागातल्या नवीन लोकांसाठी

दिवाळी झाली की आमच्या तासगाव भागात दवावर नजर ठेवणारी दोन प्रकारची माणसं असतात, एक द्राक्षबागायतदार आणि दुसरे टेलिस्कोपवाले. बागायतदाराला पानावर ओल राहिली की डाऊनीची म्हणजे केवडा रोगाची भीती, आणि आपल्याला काचेवर ओल आली की रात्र गेली. आमच्या घरात बाग पण आहे आणि टेलिस्कोप पण, त्यामुळं दोन्ही बाजूंनी दव चांगलंच ओळखीचं झालंय. नवीन टेलिस्कोप घेतलेल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो, की नऊपर्यंत मस्त दिसत होतं, अकरा वाजता सगळं धुरकट झालं, टेलिस्कोप खराब निघाला का? नाही हो, टेलिस्कोप चांगला आहे, काचेवर दव बसलंय. थंडीचे तीन-चार महिने म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात स्वच्छ आभाळ, मृग आहे, कृत्तिका आहे, दक्षिणेला अगस्त्य आहे, आणि एवढ्या सोन्यासारख्या रात्री नुसत्या दवापायी वाया जाऊ नयेत म्हणून काय काय करायचं ते क्रमानं लिहितोय.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो, कारण पहिल्यांदा कुणालाच कळत नाही. दव एकदम येत नाही, हळूहळू येतं. मृगातला तेजोमेघ बघत असाल तर त्याचे ते पसरलेले पंख आधी जातात, मग मधला उजेड फिका पडतो, मग ठळक ताऱ्याभोवती खळं दिसायला लागतं. आपल्याला वाटतं ढग आला, नाहीतर फोकस हलला, आणि आपण नॉब फिरवत बसतो. अशा वेळी डोळा काढा आणि सरळ वर बघा. नुसत्या डोळ्यांना व्याध, रोहिणी लख्ख दिसतायत आणि टेलिस्कोपमधनंच धुरकट दिसतंय तर दव नक्की. मग लाल टॉर्च काचेवर तिरका मारून बघायचा, दव असेल तर काच दुधाळ दिसते. बघताना तोंड जवळ न्यायचं नाही, श्वासाची वाफ बसली तर ती वेगळीच.

आधी हे समजून घ्या

आपण म्हणतो दव पडलं, पण दव पावसासारखं वरनं पडत नाही. खात्री करायची असेल तर सकाळी मोटरसायकल बघा. उघड्यावर लावलेल्या गाडीच्या सीटवरनं पाणी ओघळत असतं, आणि तीच गाडी चार पावलांवर पत्र्याखाली नाहीतर लिंबाखाली लावली असेल तर सीट कोरडी. हवा दोन्हीकडं तीच, गारठा तोच. फरक एवढाच की पहिल्या सीटच्या डोक्यावर उघडं आभाळ आहे आणि दुसरीच्या नाही.

निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आभाळाकडं सोडत राहते आणि तिकडनं परत फार थोडी येते. म्हणून ती वस्तू आसपासच्या हवेपेक्षा सुद्धा दोन-चार अंश जास्त गार होते. मग तिला लागलेली हवा इतकी थंड होते की हवेतल्या बाष्पाचं तिथंच पाणी होतं. ज्या तापमानाला हे व्हायला लागतं ते दवबिंदू तापमान. लंडनमधला विल्यम चार्ल्स वेल्स नावाचा डॉक्टर होता, त्यानं लोकरीचे छोटे पुंजके वजन करून रात्री बागेत ठेवले, काही फळीच्या वर आणि काही फळीच्या खाली, आणि सकाळी परत वजन केलं तर वरचे जास्त ओले. हे त्यानं १८१४ मध्ये छापलं. आपल्या मोटरसायकलच्या सीटचा हिशोब म्हणजे तोच प्रयोग. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकडं थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, तिथंही हेच होतं, थर्मामीटर शून्याच्या वर असताना गाडीच्या टपावर आणि गवतावर बर्फाचा पापुद्रा धरतो.

टेलिस्कोपची काच तर मुद्दाम आभाळाकडं तोंड करून उभी असते, रात्रभर. म्हणून ती सगळ्यात आधी गार होते. यातनं दोनच उपाय निघतात, एक म्हणजे काचेला जितकं कमी आभाळ दिसेल तितकं बरं, आणि दुसरं म्हणजे तिला हवेच्या मानानं किंचित उबदार ठेवायचं, फार नाही, एखाद-दोन अंश पुरे. आणि हे दोन्ही दव यायच्या आधी करायचं. आल्यावर घालवणं लई अवघड आहे, यायच्या आधी थांबवणं सोपं आहे. बागेत पण आपण डाऊनी आल्यावर औषध मारत नाही, आधीच मारतो.

१. जागा

सांगली जिल्ह्यात पंचवीस-तीस किलोमीटरवर हवा बदलते. वाळवा, पलूस, मिरजेचा नदीकाठ म्हणजे एका बाजूला कृष्णा आणि दुसऱ्या बाजूला भिजवलेला ऊस, त्यात शेतीची लाईट रात्रीची असली की रात्रभर पाणी चालू. तिथं दहाच्या आत टेलिस्कोपची नळी ओली होते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळचा माळ त्या मानानं कोरडा आणि अंधारही चांगला. आता म्हैसाळ आणि टेंभू उपसा योजनांचं पाणी तिकडं पोचलंय, चांगलीच गोष्ट आहे, तरी पण उघड्या माळाला हवा कोरडीच मिळते.

लांब जाणं प्रत्येकाला जमत नाही, नोकरी असते, घर असतं. मग आपल्याच गावात जागा निवडताना एवढं बघा की ओढ्यात, खोलगटात, विहिरीच्या काठाला उभं राहायचं नाही. थंड हवा जड असते, ती उतारानं खाली येऊन खोलगटात साचते आणि धुकं पण तिथंच आधी धरतं. शेताच्या वरच्या बांधाला, उंचवट्यावर उभं राहिलं तर खालच्यापेक्षा तास-दोन तास जास्त मिळतात. थोडं वारं असेल तर वैतागू नका, वाऱ्यानं काचेला हवेइतकी तरी ऊब मिळत राहते आणि दव धरत नाही. टेलिस्कोप हलण्याइतकं वारं मात्र नको. गवतावर मांडू नका, खाली ताडपत्री टाका.

स्लॅबवर, गच्चीवर चालतं का? चालतं, पण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो आणि गुरूचे पट्टे पाण्यात बघितल्यासारखे हलतात. ग्रह बघायचे असतील तर मातीची जागा बरी. दंडोबासारख्या डोंगरावर जायचं असेल तर वनखात्याला आधी विचारूनच, आणि शिराळा-वाळव्याकडं उसाला लागून एकट्यानं बसू नका, तिकडं उसात बिबट्या असतो हे सगळ्यांना माहीत आहे.

२. संध्याकाळी दोन मिनिटं हवामान बघा

मोबाईलमधल्या कुठल्याही हवामान ॲपमध्ये तापमान आणि आर्द्रता असते, काहींत दवबिंदू पण दिलेला असतो. नसला तर सोपा हिशोब आहे. शंभरातनं आर्द्रता वजा करा, उरेल त्याला पाचानं भागा, आणि आलेला आकडा तापमानातनं वजा करा. म्हणजे रात्री नऊला १८ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर १०० वजा ७० म्हणजे ३०, भागिले ५ म्हणजे ६, आणि १८ वजा ६ म्हणजे १२. दवबिंदू साधारण १२ अंश. हा हिशोब अंदाजाचा आहे, आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असली की बऱ्यापैकी जुळतो.

आता पहाटेचं तापमान ११-१२ दाखवत असेल तर दव येणारच, पण काच हवेपेक्षा दोन-चार अंश गार असते हे विसरू नका, म्हणजे हवा १५ ला आली की काचेवर सुरुवात होणार, आणि ते रात्री अकराच्या सुमारासच होऊ शकतं. ज्यांच्या बागेत हवामान केंद्र बसवलंय त्यांना तर पानावरची ओल किती वाजता सुरू झाली ते पण कळतं, आठवडाभराचे ते आकडे काढून बघा, आपल्या शेतात साधारण किती वाजता दव धरतं ते समोर येईल. मी तसंच करतो आणि त्या वेळेच्या दीड तास आधी हीटर चालू करतो.

३. टेलिस्कोप लवकर बाहेर काढा

हे दवासाठी नाही, थंडीसाठी आहे. घरात २६-२७ अंशाला असलेला आरसा बाहेर १६ अंशात नेला की त्याच्यावरनं गरम हवा उठत राहते आणि तारा उकळल्यासारखा दिसतो. सहा-आठ इंची आरशाला बाहेरच्या हवेशी जुळायला तास-सव्वा तास लागतो, बंद नळीच्या मॅक्सुटोव प्रकारच्या टेलिस्कोपला तोंडाशी असलेल्या जाड काचेमुळं कधी कधी त्याहून जास्त. म्हणून सूर्य मावळला की लगेच बाहेर काढून ठेवा, जेवून येईपर्यंत तो तयार असतो. सूर्य असताना बाहेर ठेवावा लागला तर सावलीत आणि टोप्या लावूनच, आणि पोरं आसपास असतील तर नीट लक्ष ठेवा, सूर्याकडं नळी वळता कामा नये.

जुळला की नाही ते बघायला एखादा ठळक तारा घ्या आणि फोकस थोडा बिघडवा. ताऱ्याची गोल चकती दिसते, त्या चकतीत एका बाजूनं धूर वर चढल्यासारखं दिसत असेल तर अजून आत गरम हवा आहे. आरशाच्या डॉब्सोनियन टेलिस्कोपवाल्यांनी आरशाच्या मागं कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावला तर हा वेळ बराच कमी होतो. आणि रात्र जसजशी गार होईल तसतसा फोकस थोडा सरकतो, नळी आखडते म्हणून, तेव्हा दर तासाभरानं फोकस परत बघायचा.

४. तुमच्याकडं कुठला टेलिस्कोप आहे त्यावर पुढचं ठरतं

आरशाचा न्यूटनियन किंवा डॉब्सोनियन असेल तर तुम्ही नशीबवान. मुख्य आरसा नळीच्या तळाला असतो, नळीच त्याचा आडोसा. तो सहसा ओला होत नाही. वरचा छोटा तिरका आरसा मात्र होतो, विशेषतः पहाटे. उघड्या सांगाड्याचा डॉब असेल तर त्याला काळ्या कापडाचा झगा घालाच, त्यानं दव पण थांबतं आणि बाजूचा उजेड पण.

भिंगाचा, मॅक्सुटोव किंवा श्मिट-कॅसेग्रेन असेल तर काच अगदी तोंडाशीच आहे. भिंगाच्या टेलिस्कोपला कंपनीची पुढं आलेली छोटी नळी तरी असते, मॅक आणि श्मिटला तेवढंही नसतं. या दोघांना दव सगळ्यात लवकर पकडतं, आणि पुढचे दोन मुद्दे मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत.

५. दव-आडोसा घरी करा

लोक याला ड्यू शील्ड म्हणतात. काचेच्या पुढं काढलेली नुसती नळी आहे ही, म्हणजे काचेला फक्त समोरचं आभाळ दिसतं, आजूबाजूचं दिसत नाही. विकत मिळतं पण घरचं तितकंच चांगलं होतं. बागेवर प्लास्टिक घातल्यावर खालचं पान जसं कोरडं राहतं, तसंच समजा.

सामान : काळी फोमची चटई, ट्रेकिंगला नेतात ती किंवा योगाची, साधारण ५-६ मिलिमीटर जाड. चिकटणारी वेल्क्रो पट्टी. कात्री, टेप.

माप : लांबी काचेच्या व्यासाच्या दीडपट. तोंडाच्या बाहेर दीडपट हां, नळीवर बसवायला चार-पाच सेंटिमीटर वेगळे धरा. रुंदी म्हणजे नळीचा बाहेरचा घेर अधिक तीन-चार सेंटिमीटर, एकावर एक यायला. उदाहरणार्थ १२७ मिलिमीटरचा मॅक असेल तर दीडपट म्हणजे १९ सेंटिमीटर, अधिक ५, म्हणजे २४ सेंटिमीटर लांब पट्टी कापायची. घेर अंदाजानं काढू नका, शिंप्याची टेप नळीला गुंडाळून मोजा. गुंडाळा, वेल्क्रो लावा, झालं. पुढच्या टोकाला फोम आत झुकत असेल तर बाहेरनं एक गोल तार किंवा प्लास्टिकची पट्टी द्या, नाहीतर कडेचा उजेड कापला जातो.

पत्र्याचा करू नका, पत्रा स्वतःच गार पडतो आणि आतनं चमकतो. पुठ्ठा एका रात्रीपुरता ठीक आहे, दुसऱ्या दिवशी ओला होऊन लोळतो. फोममधनं उष्णता लवकर बाहेर जात नाही म्हणून फोमच बरा. एवढ्या साध्या चटईनं जतच्या माळावर अख्खी रात्र निघते. तासगावात साधारण दोन तास वाढतात, त्याच्यापुढं हीटर लागतोच.

६. हीटर

हीटर म्हटलं की लोकांना वाटतं काच तापवायची. अजिबात नाही. काच तापली की तिच्यासमोरची हवा हलायला लागते आणि चित्र बिघडतं. हाताला जेमतेम कोमट लागेल एवढीच ऊब हवी.

सोपा मार्ग म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळणारी यूएसबीची पट्टी, पॉवर बँकेवर चालते. घेताना कमी-जास्त करायचं बटण असलेली घ्या. मी पहिली घेतली तिला बटण नव्हतं, ती इतकी तापायची की गुरू नीट दिसेना, शेवटी तिच्याखाली कापडाची घडी घालून चालवली.

स्वतः करायची असेल तर ही कृती. ४७ ओहमचे एक वॉटचे १० रेझिस्टर आणा, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. दोन लांब वायरी समांतर धरायच्या आणि शिडीच्या पायऱ्या असतात तसे दहाही रेझिस्टर दोन वायरींच्या मध्ये सोल्डर करायचे, साधारण साडेचार सेंटिमीटर अंतरावर. प्रत्येकाचं एक टोक वरच्या वायरीला, दुसरं खालच्या वायरीला. एकामागं एक माळेसारखे जोडले तर चालणार नाही, शिडीच पाहिजे. प्रत्येक जोडावर स्लीव्ह चढवा, उघडी वायर कुठंही राहू देऊ नका कारण रात्री हे सगळं ओलं होणार आहे. मग जुनी यूएसबी केबल कापून तिची लाल आणि काळी वायर या दोन वायरींना जोडा, बाकीच्या वायरी कापून टेप लावा. पॉवर बँकेला लावायच्या आधी मल्टीमीटर लावून बघा, साधारण ४.७ ओहम दाखवला पाहिजे. शून्याच्या जवळ दाखवला तर कुठंतरी शॉर्ट आहे, लावू नका.

५ व्होल्टवर यातनं साधारण एक अँपिअर जातो, म्हणजे सव्वापाच वॉट. प्रत्येक रेझिस्टरला अर्धा वॉट येतो म्हणून एक वॉटचा घ्यायचा, पाव वॉटचा जळतो. पाच-सहा इंची नळीला एवढी ऊब पुरते. ही शिडी वेल्वेटच्या किंवा जाड कापडाच्या पट्टीत शिवून टाका, आमच्या आईनं जुन्या ब्लाऊजपीसमध्ये शिवून दिली, सात वर्षं चालतेय.

पट्टी कुठं बांधायची हे महत्त्वाचं. काच जिथं नळीत बसवलीय त्याच कड्यावर, बाहेरनं, आणि तिच्यावरनं फोमचा आडोसा. म्हणजे ऊब बाहेर न जाता काचेत उतरते. आडोशाच्या पुढच्या टोकाला बांधली तर नुसती हवा तापवायचं काम. पहिल्यांदा घरात पंधरा मिनिटं चालवून हात लावून बघा.

पॉवर बँकेचा हिशोब असा. १०,००० एमएएचची म्हणजे आतल्या ३.७ व्होल्टनं ३७ वॉट-तास, त्यातले ३० हाताला लागतात. सव्वापाच वॉटनं साडेपाच तास. पहाटेपर्यंत बसायचं तर २०,००० ची घ्या. पॉवर बँक पिशवीत, गुंडाळून, जमिनीवर नाही. ट्रॅक्टर नाहीतर यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी वापरणार असाल तर वरचे रेझिस्टर तिला जोडू नका, प्रत्येकावर तीन वॉट येतील आणि धूर निघेल. १२ व्होल्टला ३३० ओहमचे बारा रेझिस्टर लागतात, त्यात अर्ध्या वॉटचे सुद्धा काठावर येतात म्हणून एक वॉटचेच घ्या, आणि बॅटरीजवळ दोन-तीन अँपिअरचा फ्यूज घालाच.

डॉबच्या छोट्या आरशाला एवढं लागत नाही. त्याच्या मागच्या होल्डरला दोन रेझिस्टर टेकवून बसवले की झालं, पण फार कमी करंट असला की काही पॉवर बँका आपोआप बंद होतात, तेव्हा फाइंडरचा, म्हणजे तारा शोधायला नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीचा, हीटर पण त्याच पॉवर बँकेला जोडा.

७. छोट्या काचा

मुख्य काच वाचवली आणि तरी रात्र गेली असं होतं ते या छोट्यांमुळं. लाल ठिपक्याचा फाइंडर सगळ्यात आधी आंधळा होतो, त्याची काच एवढीशी आणि चारी बाजूंनी उघडी. वापरत नसताना त्याच्यावर जुना पायमोजा घालून ठेवा. भिंगाच्या फाइंडरला पुढं काळ्या कागदाची नाहीतर पीव्हीसीची दहा-बारा सेंटिमीटरची नळी.

आयपीस म्हणजे डोळा लावायचं छोटं भिंग, ते आपल्याच डोळ्याच्या आणि श्वासाच्या वाफेनं ओलं होतं. नाकावर मफलर घेतला तर श्वास वर जातो आणि सरळ आयपीसवर बसतो, म्हणून मफलर हनुवटीखाली ठेवायचा आणि बघताना श्वास बाजूला सोडायचा. वापरात नसलेली आयपीस आतल्या खिशात, टोप्या लावून. पेटी उघडी ठेवायची नाही. टेबलावर बाजारात भाजीवाले लावतात तसली मोठी छत्री उभी केली तर नकाशे, वही, पेटी सगळं पहाटेपर्यंत कोरडं राहतं, मोटरसायकलची सीट आठवा.

८. तरीही दव आलंच तर

पुसू नका. हा मुद्दा मनापासून सांगतोय. माझ्या पहिल्या थंडीत १३ डिसेंबरची रात्र होती, मिथुनेतल्या उल्का बघायला चुलत भाऊ, त्याची पोरं, शेजारची मंडळी मळ्यात जमली होती, आणि उल्का पडायच्या मधल्या वेळात मी पोरांना मृगाचा तेजोमेघ दाखवत होतो. साडेअकराला मॅकची काच दुधाळ झाली. समोर पोरांची रांग, मी घाईत मफलरच्या टोकानं काच पुसली. मिनिटभर दिसलं आणि परत धुरकट. परत पुसली. सकाळी उन्हात काच तिरकी धरून बघितली तर बारीक गोल ओरखडे, दवानं भिजलेली धूळ मी मफलरनं काचेवर घासली होती. ते ओरखडे आजही आहेत. काचेवर उजेड जास्त आत जावा म्हणून दिलेला लेप फार पातळ असतो, तो ओरखडला की घरी दुरुस्त करता येत नाही.

पुसायच्या ऐवजी हे करा. हेअर ड्रायर असेल तर सगळ्यात कमी गरम करून हातभर अंतरावरनं, फिरवत फिरवत, एका जागी थांबवायचा नाही. काच कोरडी झाली की थांबा. त्यानंतर हीटर लावला नसेल तर अर्ध्या तासात दव परत येईल हे धरून चला. घरनं वायर ओढून ड्रायर चालवणार असाल तर एक्स्टेंशन बोर्ड ओल्या गवतावर ठेवू नका, उलट्या पाटीवर ठेवून वरनं झाका, आणि घरात करंट गळती ओळखणारा ब्रेकर आहे का ते बघा. शेतीपंपाच्या पेटीतनं लाईन घ्यायच्या भानगडीत कुणीही पडू नका.

ड्रायर नसेल तर नळी जमिनीकडं झुकवा, तोंडावर सैल कापड टाका आणि वीस मिनिटं थांबा. काचेला आभाळ दिसायचं थांबलं की दव हळूहळू उडतं, हवा फार दमट नसेल तर. तेवढ्यात चहा घ्या.

९. स्वतःचं

८-१० अंश म्हणजे काय फार थंडी नाही असं वाटतं, पण टेलिस्कोपला तीन तास न हलता उभं राहिलं की तोच गारठा हाडात जातो. पायातनं थंडी जास्त लागते, म्हणून उभं राहायच्या जागी बारदान चौपदरी करून टाका, दोन मोजे घाला. कानटोपी पाहिजेच. शेकोटी टेलिस्कोपजवळ नको, धूर आणि काजळी काचेवर बसते, गरम हवेनं चित्र हलतं, आणि अंधाराला सरावलेले डोळे परत सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. शेकायचं असेल तर लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला. थर्मासचा चहा पण दोन पावलं लांब जाऊन प्या, वाफ.

१०. आवरताना

इथं केलेली चूक लगेच दिसत नाही, पावसाळ्यात बुरशी होऊन दिसते.

काच कोरडी असेल तर बाहेरच टोप्या लावा, पिशवीत घाला, चेन लावा आणि मग घरात न्या. घरात नेल्यावर तासभर उघडू नका. थंडगार काच उबदार घरात एकदम उघडली तर घरातलं बाष्प तिच्यावर बसतं, फ्रीजमधनं काढलेल्या तांब्यासारखं.

काच किंवा नळी ओली असेल तर उलट करायचं. टोपी लावायची नाही. ओल्या काचेवर टोपी म्हणजे बुरशीला घर बांधून दिल्यासारखं. घरात आणून नळीचं तोंड थोडं खाली झुकवून, सगळं उघडं ठेवून कोरड्या खोलीत रात्रभर सोडा, म्हणजे धूळ पण पडत नाही. बाहेरनं नळी आणि स्टँड कापडानं पुसा, स्क्रू गंजतात. काचेवर वाळलेल्या थेंबांचे डाग राहिले तर राहू द्या, दिसण्यात फरक पडत नाही, दर वेळी साफ करायला जाऊ नका. धूळ वाटली तर नुसता रबरी फुग्याचा ब्लोअर मारा.

सकाळी आधी बागेत चक्कर मारून यायची, तेवढ्यात काच कोरडी झालेली असते. तिरक्या उजेडात एकदा बघून घ्यायची, मगच टोप्या लावायच्या. पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकायची, केशरी दाण्यांची घेतली तर ओल शोषून हिरवी झाली की कळतं. ती जुन्या तव्यावर मंद आचेवर परत केशरी होईपर्यंत गरम केली की पुन्हा वापरता येते, फक्त तो तवा परत भाकरीला घेऊ नका.